बातमी चांगली तरी बाजार पडतो, आणि 'सुरक्षित' रोख्यांतही तोटा! माझं नक्की कुठे चुकतंय?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी. पैशांच्या बाबतीत मी अगदीच नवखा, म्हणून प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

२०२१ च्या मध्यात थोडी रक्कम हाताशी आली. ती मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठीच ठेवायची, हे तेव्हाच ठरलं होतं. ज्यांनी सल्ला दिला ते म्हणाले, समभागांच्या नादी लागू नका, रोख्यांचा फंड घ्या, सुरक्षित असतो. मी घेतला. २०२२ संपता संपता खातं उघडलं तर तेरा टक्के खाली! आधी वाटलं मीच चुकीचा आकडा वाचतोय. त्यानंतर थोडं भरून आलं, पण आजही मूळ रकमेच्या सहा-सात टक्के खालीच आहे. रोखे कोणी बुडवलेत का म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, छे, एकही नाही, सगळ्यांचं व्याज वेळेवर येतंय. मग पैसे गेले कुठे?

दुसरा प्रश्न त्याहून विचित्र. मी आता रोज बाजाराच्या बातम्या वाचतो. परवा मथळा होता, 'रोजगाराचे आकडे अपेक्षेपेक्षा चांगले, समभाग घसरले'. लोकांना नोकऱ्या मिळाल्या याचं बाजाराला दुःख का व्हावं? आणि त्याच दिवशी रोखेही पडले होते. दोघं उलट दिशेने चालतात असं मला सांगितलं होतं.

फीचा पहिला हप्ता दीड वर्षावर आलाय. काढून घेऊ की थांबू, तेही कळत नाही. पण आधी हे प्रकरण समजून घ्यायचंय.

निवृत्त_रोखेवाली

तुमचं फार चुकलेलं नाही. 'सुरक्षित' हा शब्द तुम्हाला अर्धाच समजावून सांगितला गेला. सत्तावीस वर्षं मी रोखे-व्यवहारांची पूर्तता करणाऱ्या विभागात काढली (म्हणजे खरेदी-विक्री दुसरे करणार आणि कागद-पैसे जुळतात का ते आम्ही बघणार), आणि या एका शब्दाने घोटाळ्यात पडलेली माणसं मी बरीच पाहिली. त्यात मोठ्या पगाराचीही होती.

रोखा म्हणजे उधारीची चिठ्ठी. धरा, शंभराचा रोखा आहे, दहा वर्षांचा, दरसाल ३ व्याज देणारा. तुम्ही तो घेतला. वर्षभरात व्याजदर चढले आणि तसलाच नवा रोखा आता ४ देऊ लागला. तुमच्या चिठ्ठीवर तर ३ छापलेत, ते काही बदलत नाहीत. आज विकायला गेलात तर समोरचा म्हणणार, तीनवाली शंभराला कशाला घेऊ, शेजारी चारवाली मिळतेय. मग भाव पाडूनच द्यावी लागते. किती पाडून? पूर्ण दहा वर्षं शिल्लक असतील तर साधारण ९२ ला. देणेकरी ठणठणीत, व्याज वेळेवर, आणि तरी भाव आठाने खाली. तुमचा फंड म्हणजे अशाच चिठ्ठ्यांचा गठ्ठा, रोज बाजारभावाने मोजलेला. तुमचे पैसे 'गेले' ते असे.

आता हेच दोन वर्षांच्या रोख्याला लावा. भाव येतो ९८ च्या आसपास. तीस वर्षांचा असेल तर ८३ सुद्धा नाही. व्याजदर तेवढाच चढला, एकच टक्का. फरक आहे तो कमी व्याजावर किती काळ अडकून बसायचं याचा. फंडाच्या माहितीपत्रकात 'मॉडिफाइड ड्युरेशन' नावाचा एक आकडा असतो, तो हेच सांगतो. सहा लिहिलं असेल तर व्याजदर एक टक्का वर गेल्यावर फंड साधारण सहा टक्के खाली येणार. दर उतरले तर तितकाच वर. एवढा एक आकडा बघायला तुम्हाला कोणी शिकवलं असतं तर हा प्रश्न पडलाच नसता.

आणि २०२२ मध्ये दर एकच टक्का चढले नव्हते. अमेरिकेच्या फेडने (तिथली मध्यवर्ती बँक, व्याजदर ठरवणारी) मार्चमध्ये ०-०.२५ टक्क्यांवरून सुरुवात केली आणि डिसेंबरपर्यंत ४.२५-४.५० वर नेऊन ठेवलं. तिथल्या रोखेबाजाराचा सर्वसाधारण निर्देशांक त्या वर्षी व्याज धरूनही सुमारे १३ टक्के पडला. म्हणजे तुमच्या फंडाने काही वेगळा पराक्रम केला नाही.

मला स्वतःला हे उदाहरणावाचून कधी पटलं नसतं, म्हणून एक देते. २०१७ साली दोन सरकारांनी शंभर-शंभर वर्षांचे रोखे विकले. जूनमध्ये अर्जेंटिनाने, ७.१२५ टक्के व्याजाने. सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रियाने, अवघ्या २.१ टक्के व्याजाने. अर्जेंटिनाने तीन वर्षांत, मे २०२० मध्ये, हात वर केले. शंभर वर्षांचा वायदा होता! ऑस्ट्रियाने मात्र एकही व्याज चुकवलेलं नाही. पण त्या रोख्याचा भाव आधी, दर तळाला असताना, दोनशेच्या वर गेला आणि २०२३ पर्यंत शंभराच्या पार खाली उतरला. वर असताना ज्याने घेतला त्याचे निम्म्याहून जास्त पैसे गेले, आणि तेही युरोपातल्या एका चोख सरकारच्या कागदात.

देणेकरी बुडण्याचा धोका वेगळा आणि व्याजदराचा धोका वेगळा. तुमच्या सल्लागाराने 'सुरक्षित' म्हटलं ते पहिल्याबद्दल. तुम्हाला बसला तो दुसरा.

मथळ्याचं संध्याकाळी लिहिते, आत्ता बाहेर जायचंय.

रोज_निर्देशांक

एवढं सगळं कशाला? रोखे म्हातारपणी घ्यायचे. समभागांचा निर्देशांक फंड घ्या (बाजाराच्या निर्देशांकातले सगळे समभाग एकत्र घेणारा) आणि दहा वर्षं खातं उघडूच नका, शेवटी वरच जातो. मी २०१२ पासून तेच करतोय, एक दिवस झोप उडालेली नाही.

गणित_मास्तर

@रोज_निर्देशांक, निर्देशांक फंडाचं मान्य. १९७६ मध्ये जॉन बोगल यांनी सर्वसामान्यांसाठी पहिला निर्देशांक फंड काढला तेव्हा १५ कोटी डॉलर जमतील असा अंदाज होता, जमले सव्वाकोटीही नाहीत. लोक त्याला 'बोगल यांचा मूर्खपणा' म्हणत. त्यामागचं गणित मात्र साधं होतं. वर्षाला ६ टक्के मिळाले तर तीस वर्षांत एकाचे ५.७ होतात. त्यातला एक टक्का कोणी खर्चापोटी कापला तर होतात ४.३. एका टक्क्याने पाव हिस्सा खाल्ला. @कोरी_पाटी, ड्युरेशन बघाल तेव्हा फंडाचा वार्षिक खर्चही बघून घ्या.

पण 'दहा वर्षं उघडूच नका' हे दीड वर्षावर फी आलेल्या माणसाला सांगून काय उपयोग?

निवृत्त_रोखेवाली

मास्तर, माझ्या मनातलं बोललात.

तर मथळा. एक गोष्ट घट्ट धरा. समभागाची किंमत म्हणजे कंपनी पुढे जे कमावणार आहे त्याचं आजचं मोल. 'पुढे' आणि 'आज' यांच्यामध्ये व्याजदर बसलेला असतो. घरबसल्या बिनधोक ५ टक्के मिळत असतील तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या नफ्यासाठी तुम्ही आज कमीच मोजाल.

आकड्यांत सांगते. एखादी कंपनी पुढच्या वर्षी ५ वाटणार आहे आणि तो वाटा दरसाल २ टक्क्यांनी वाढणार आहे. लोक तिच्याकडून ७ टक्के परतावा मागत असतील तर भाव येतो १०० (सातातून दोन वजा, उरले पाच टक्के, पाचाला त्याने भागायचं). आता बाकी काहीही न बदलता लोक ८ टक्के मागू लागले, तर भाव होतो ८३. कारखाना तोच, माणसं तीच, नफाही तोच.

म्हणून रोजगाराचा चांगला आकडा आला की बाजार असा विचार करतो: लोकांच्या हातात पैसा आहे, म्हणजे महागाई लवकर उतरणार नाही, म्हणजे मध्यवर्ती बँक दर कमी करणार नाही. मग रोखे पडतात आणि मागोमाग समभागही. पण नेहमीच नाही हं. मंदीची भीती पसरलेली असते तेव्हा हाच आकडा आला तर समभाग उड्या मारतात, कारण त्या वेळी लोकांना घोर असतो तो नफ्याचा. त्या आठवड्यात बाजार महागाईला घाबरलाय की मंदीला, ते कळलं की मथळा उलगडतो.

आणि 'अपेक्षेपेक्षा' हा शब्द वगळून मथळा वाचू नका. जे होणार असं सगळ्यांना वाटतच होतं ते भावात आधीच शिरलेलं असतं. आकडा चांगला की वाईट यापेक्षा तो अंदाजापासून किती सरकला याला मोल. आमच्या विभागात एक म्हातारे गृहस्थ होते, आकडा आला की विचारायचे, "किती धरला होता?" आकडा किती आला ते नंतर.

'दोघं उलट चालतात' हे अर्धसत्य. २००८ मध्ये अमेरिकी समभाग ३७ टक्के पडले आणि रोख्यांचा तोच सर्वसाधारण निर्देशांक ५ टक्के वर होता. २०२२ मध्ये समभाग १८ टक्के खाली आणि रोखे १३ टक्के खाली. २००८ ची भीती मंदीची होती, दर कोसळले, जुने रोखे महागले. २०२२ ला भीती महागाईची, दर चढले, दोघांनाही एकाच काठीचा मार. रोखा समभागाला सावरतो तो पहिल्या प्रकारच्या आजारात. दुसऱ्यात दोघंही एकाच खाटेवर.

@रोज_निर्देशांक, तुमच्यावर राग नाही, पण २०१२ पासून आतापर्यंतचा काळच गुंतवणूकदाराचे लाड करणारा होता. जपानच्या समभागांचा निर्देशांक निक्केई २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला. तो आकडा पुन्हा ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडलं. चौतीस वर्षं. लाभांश धरले तर वाट थोडी कमी भरते, पण एका देशाच्या बाजारावर सगळा भार टाकणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा.

आता स्वतःची फजिती सांगते, म्हणजे मी शहाणपणा शिकवतेय असं वाटायला नको. मी नोकरीला लागले तेच १९९४ मध्ये. त्या वर्षी फेडने दर ३ वरून चढवायला घेतले आणि वर्षभरात ६ वर नेले. रोखेवाल्यांचे चेहरे मी पहिल्याच वर्षी पाहिले. म्हणजे धडा फुकटात मिळाला होता. आणि २००७ मध्ये या बाईने काय केलं? घराच्या छपरासाठी बाजूला ठेवलेले पैसे समभागांत घातले. रोखे कंटाळवाणे वाटत होते, आणि जेवणाच्या सुट्टीत जो तो आपला नफा सांगत होता. ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात अमेरिकी बाजार निम्म्याहून खाली आला. छप्पर २००९ च्या फेब्रुवारीत गळायला लागलं. मी विकलं, तळापासून जेमतेम महिनाभर आधी. विकल्यावर बाजार काय करतो ते तुम्हाला ठाऊकच आहे.

माझी समभागांची निवड चुकली नव्हती. तेच पुढे कितीतरी वर गेले. पण ते पैसे छपराचे होते.

कोरी_पाटी

ताई, काल रात्री दोनदा वाचलं. माहितीपत्रक शोधून काढलं. ड्युरेशन ६.४! आणि खाली 'यील्ड टू मॅच्युरिटी' ४.६ लिहिलंय. २०२१ चं जुनं पत्रकही सापडलं, त्यात तेच १.३ होतं. याचा अर्थ काय घ्यायचा?

आणि आज विकलं तर तोटा पक्का होईल ना? थांबलो तर निदान कागदावरच राहील.

निवृत्त_रोखेवाली

जुनं पत्रक शोधलंत, शाब्बास. इतके कष्ट शंभरात एखादा घेतो.

१.३ चा अर्थ असा की तुम्ही घेतलंत तेव्हाच त्या फंडाच्या पोटातले रोखे मुदतीपर्यंत धरले तर वर्षाला १.३ च देणार होते, त्यातून खर्च वजा. म्हणजे २०२१ मध्ये सव्वा टक्क्यासाठी तुम्ही ६.४ ड्युरेशनचा धोका उचलला होता. दर पाव टक्का चढले असते तरी वर्षाची कमाई साफ. मला हाच भाग चीड आणणारा वाटतो. कारण हे दोन्ही आकडे त्याच पत्रकात होते.

आज ४.६ आहे. फंडाचा भाव पडला तो ज्या कारणाने, त्याच कारणाने आता त्याची कमाई वाढलीय. म्हणून रोखे फंडाचा तोटा काळ गेला की भरून येतो. ढोबळ हिशेब असा, की ड्युरेशनइतकी वर्षं धरून बसलात तर घेताना जे यील्ड होतं साधारण तेवढं पदरात पडतं, दर सुरुवातीलाच हलून मग स्थिरावले तर. पुढेही चढत राहिले तर वाट लांबते. तुमच्या बाबतीत २०२१ पासून सहा-साडेसहा वर्षं. चांगली पत असलेल्यांच्या रोख्यांबद्दल बोलतेय हं मी, अर्जेंटिनाला हे लागू नाही.

पण तुमच्या हातात आजपासून दीड वर्ष आहे.

तोटा पक्का होण्याबद्दल: तो झालेला आहे. खात्यात आज जी रक्कम दिसते तीच तुमची रक्कम, बाकीची आठवण. किती मोजले होते हे बाजाराला माहीत नसतं. स्वतःला एवढंच विचारा: आज ही रक्कम रोख हातात असती, आणि दीड वर्षाने फी भरायची असती, तर मी ६.४ ड्युरेशनचा फंड विकत घेतला असता का? उत्तर 'नाही' असेल तर धरून ठेवणं म्हणजे तोच फंड रोज नव्याने विकत घेणं.

'तोटा कागदावर आहे' या एका वाक्यावर एक आख्खी बँक बसली. २०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक. दर तळाला असताना घेतलेले लांब मुदतीचे रोखे, बहुतेक सरकारी किंवा सरकारच्या पाठबळाचे. मुदतीपर्यंत धरू, म्हणजे तोटा दिसणारच नाही, असा हिशेब. ठेवीदारांनी ९ तारखेला, एका दिवसात, ४,२०० कोटी डॉलर मागितले. १० तारखेला बँक बंद. तिच्याकडच्या रोख्यांचे देणेकरी बुडाले नव्हते. पैसे लागण्याची तारीख रोख्यांच्या तारखेच्या आधी आली, इतकंच. माझ्या छपरासारखंच, फक्त रक्कम मोठी.

रोज_निर्देशांक

ठीक आहे, निक्केईचं मला माहीत नव्हतं. पण मग त्यांनी सगळंच काढून बँकेत टाकायचं का? महागाई खाऊन टाकेल.

निवृत्त_रोखेवाली

दीड वर्षात महागाई किती खाणार? दोन-चार टक्क्यांची खोट समजा. तुमच्या निर्देशांकाने दीड वर्षात काय खाल्लं असतं ते वर लिहिलंय. महागाईला मी घाबरते ती वीस वर्षांच्या पैशांसाठी, आणि त्या पैशांना समभाग हवेतच. तिथे मी तुमच्याच बाजूची आहे. माझ्या निवृत्तीच्या पैशांतला निम्म्याहून थोडा जास्त भाग आजही समभागांतच आहे, आणि तोही जगभर पसरलेल्या निर्देशांक फंडात.

@कोरी_पाटी, मला तुमचं बाकीचं खातं माहीत नाही, त्यामुळे 'हे करा' असं सांगणार नाही. मी माझ्यापुरतं काय करते ते सांगते. एक वही आहे. डाव्या बाजूला पैसे किती वर्षांनी लागणार तो आकडा, उजव्या बाजूला ते कुठे ठेवलेत त्याचं ड्युरेशन. उजवा आकडा डाव्यापेक्षा मोठा झाला की लाल पेन. समभागांसमोर मी सरळ '१५' लिहिते. ते शास्त्र नाही, माझा अंदाज आहे, निक्केईवाले हसतील. पण त्यामुळे पंधरा वर्षांच्या आत लागणारा पैसा मी तिकडे नेत नाही.

मुलीची फी एकदम भरायची आहे की दरवर्षी?

कोरी_पाटी

दरवर्षी, चार वर्षं. अच्छा... म्हणजे शेवटचा हप्ता साडेचार वर्षांनी. सगळे पैसे एका तारखेचे नाहीतच.

निवृत्त_रोखेवाली

आता बघा, मला विचारायची गरज उरली का?

कोरी_पाटी

वही केली. चार ओळी झाल्या. पहिल्या दोन हप्त्यांचे पैसे उद्या काढून अल्प मुदतीत टाकतोय, सहा टक्के तोटा सोसून. तिसऱ्यासाठी तीन ड्युरेशनचा एक फंड दिसतोय, खर्चही आताच्या निम्मा (मास्तर, धन्यवाद). चौथ्या हप्त्यासमोर जुनाच फंड राहतोय. ६.४ म्हणजे साडेचारपेक्षा जास्तच, ते लाल पेनाने लिहिलंय. पुढच्या वर्षी पुन्हा बघतो.

मुलीने वही पाहिली. विचारलं, "माझ्या शिक्षणासमोर लाल रंग का?" तिला हे सगळं समजावताना पाऊण तास गेला, आणि मधेच तिने विचारलं की दर उतरले तर लांब मुदतीचा रोखा जास्त चढेल ना, मग लाल फक्त एकाच बाजूने का? मला उत्तर देता आलं नाही. ताई?

निवृत्त_रोखेवाली

तिला सांगा, चढला तर फी भरून वर थोडे उरतील, पण उतरला तर ती फीच भरता येणार नाही. दोन्ही बाजूंना टक्के सारखेच, पण तिला लागणारी रक्कम एकच आहे. आणि तिला वही सांभाळायला द्या, तुमच्यापेक्षा बरं जमेल.